आधी बाजू सांगा, मग महिना : श्रीलंकेच्या हवेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की श्रीलंकेला जाणार असाल तर हवेबद्दलचे प्रश्न पाठवा, तर इतके मेल आलेत की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय, "तिकडे पाऊस कधी असतो हो?" आता यावर माझा पहिला प्रश्न असतो, "तिकडे म्हणजे कुठे?" खवचटपणा नाही हां, खरंच बाजू कळल्याशिवाय महिन्याचं काही सांगताच येत नाही. का ते पहिल्या उत्तरात सविस्तर लिहिलंय, तेवढं सगळ्यांनी वाचा, मग आपला आपला प्रश्न शोधा.

प्रश्न : ताई, मुलांच्या सुट्टीत मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठ दिवस श्रीलंकेला जायचं ठरतंय. एजंटने बेंटोटाला तीन रात्री बीच रिसॉर्ट धरलंय. मिस्टरांचे मित्र म्हणतात मेमध्ये नुसता पाऊस, एजंट म्हणतो कसला पाऊस, तासभर येतो आणि जातो. कोणाचं ऐकू? – दोन मुलांची आई

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. देश छोटाच आहे, पण मधोमध, जरा दक्षिणेकडे सरकून, डोंगरांचा मोठा गठ्ठा बसलाय, त्यातला सगळ्यात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर. मे ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे बेंटोटा, कोलंबो, गॉल या बाजूने. तो ओला वारा डोंगराला धडकून वर चढतो, गार होतो आणि सगळं पाणी अलीकडेच ओतून टाकतो, पलीकडे उतरतो तेव्हा पार कोरडा झालेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी नेमकं उलट, वारा ईशान्येकडून येतो आणि त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना भिजवतो, तेव्हा दक्षिण-पश्चिमेचे बीच निळेशार. मधले दोन तुकडे राहिले, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा वाऱ्याचं काही ठरलेलं नसतं, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाट.

त्यामुळे काय होतं बघा, कोलंबोत मेमध्ये सरासरी ३९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या वर्षातल्या सगळ्यात ओल्या महिन्यांपैकी एक. त्रिंकोमालीत मेमध्ये त्याच्या पाव भागही पडत नाही आणि जूनमध्ये तर जेमतेम शिंतोडे. दोन्हींमधलं अंतर गाडीने सहा-सात तास! एजंट म्हणतो ते तासभर पडून जाण्याचं एप्रिलच्या दुपारच्या पावसाला लागू आहे, मेच्या शेवटी नैऋत्य मान्सून लागल्यावरच्या पावसाला नाही. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं मेमध्येच मोठे पूर आले आणि दरडी कोसळल्या, २०१६ मध्ये केगॉल जिल्ह्यात अरनायकेला तर वस्तीच्या वस्ती गाडली गेली. घाबरवत नाहीये, दरवर्षी असं होत नाही, पण "मेमध्ये काही नसतं" हे वाक्य मला चालत नाही.

तुमच्या जागी मी असते तर बेंटोटा सरळ सोडलं असतं. कटुनायके विमानतळावरून थेट दांबुल्ला-सिगिरिया, दोन रात्री. तिथून दोन-अडीच तासांवर त्रिंकोमालीच्या वरचं निलावेली किंवा उप्पुवेली, तिथे तीन रात्री, समुद्र तेव्हा तलावासारखा शांत असतो, मुलांना गुडघाभर पाण्यात सोडून निवांत बसता येतं, आणि समोर पिजन आयलंडला स्नॉर्कलिंग. मग कँडी करून परत. कँडीत पाऊस लागेल, लागू दे, दंतमंदिर, म्हणजे बुद्धाचा दात जपून ठेवलेलं देऊळ, काय छत्री घेऊनही होतं. रिसॉर्टचे पैसे परत मिळणार नसतील तर तारीख बदलून देतात का ते विचारा, ओल्या सीझनला बरेच जण ऐकतात.

आणि एक, मेच्या पौर्णिमेला वेसाक असतो. रस्त्यारस्त्यांवर आकाशकंदील, मोठमोठी रोषणाई, आणि लोक मंडप घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवायला, सरबत प्यायला बोलावतात, त्याला दानसल म्हणतात. आपली तारीख जुळत असेल तर मुलांना नक्की दाखवा. फक्त त्या दिवसांत दारू आणि मटण-चिकनची दुकानं बंद असतात (प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते), ज्यांना त्याने फरक पडतो त्यांनी कॅलेंडर बघून जावं.

प्रश्न : आम्हाला दिवाळीशिवाय रजाच मिळत नाही. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये श्रीलंका करावं का? खरं सांगा, गोड गोड नको. – सरकारी नोकरीतलं जोडपं

खरं सांगते मग. वर्षातला हा एकच काळ असा आहे की डोंगराच्या कुठल्याही बाजूला गेलात तरी पाऊस चुकवता येत नाही. नैऋत्येचा वारा संपलेला, ईशान्येचा अजून बसलेला नाही, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत असतात, त्यातला एखादा वाढून चक्रीवादळ होतो. नोव्हेंबर २०२५ अखेरीस दित्वाह चक्रीवादळ आलं तेव्हा सगळा देश पाण्याखाली आणि डोंगराळ भाग मातीखाली गेला, सहाशेहून जास्त माणसं गेली, रस्ते, पूल, रेल्वेलाइन सगळ्याची वाट लागली. त्याआधी २९ ऑक्टोबर २०१४ ला कोस्लंदाजवळ मीरियाबेद्दा इथे चहामळ्यातल्या कामगारांच्या चाळींवर सकाळीच डोंगर आला. तारखा बघा, दोन्ही नेमक्या तुमच्याच सुट्टीच्या आसपासच्या.

जाऊच नका असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तुमच्यासारख्यांना दुसरी रजाच नाही हे मला कळतं, आणि ऑक्टोबरच्या सकाळी फार सुंदर असतात, सगळं धुतलेलं, हिरवंगार, गर्दी नाही. पण मग प्लॅन तसा करा. डोंगरात मुक्काम कमी, एखादी रात्र कँडी, बास. नुवारा एलिया आणि एला यावेळी गाळलंत तरी चालेल. बघायचं ते सकाळी सहा ते बारामध्ये उरकायचं, गाडीचा प्रवासही सकाळीच, दुपारी दोननंतर घाटात असू नये. आठ दिवसांत एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा, काहीही न ठरवता, रस्ता बंद झाला तर तो दिवस कामाला येतो, नाही झाला तर गॉल फोर्टात कॉफी पीत बसा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्या जवळ, नेगोंबोला झोपा, डोंगरातून थेट विमान पकडायला निघू नका. हे मी हात जोडून सांगतेय.

दरडींचा इशारा तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था देते, एनबीआरओ म्हणतात तिला, जिल्हा-तालुक्याप्रमाणे तीन पायऱ्या असतात : पिवळा म्हणजे सावध राहा, अंबर म्हणजे बाहेर पडायच्या तयारीत राहा, लाल म्हणजे निघा. तुम्ही ज्या भागात जाताय तिथे अंबर लागलं की जायचं नाही, ड्रायव्हर कितीही "नो प्रॉब्लेम मॅडम" म्हणाला तरी. आपत्ती व्यवस्थापन केंद्राचा नंबर ११७, तो फोनमध्ये टाकून ठेवा.

प्रश्न : नुवारा एलियाला स्वेटर लागतो का? विषुववृत्ताजवळ थंडी कशी काय असेल? – कॉलेजची विद्यार्थिनी

अगं लागतो, आणि चांगला जाड लागतो. तिकडे थंडी-उन्हाळा महिन्यावर नाही, उंचीवर अवलंबून असतो. कोलंबोत बाराही महिने सरासरी सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास, घामाच्या धारा, आणि नुवारा एलिया १,८६८ मीटरवर, तिथली सरासरी सोळाच्या आसपास, जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे कधी कधी गवतावर दव गोठलेलं दिसतं. साध्या हॉटेलात हीटर नसतो, जास्तीची रजई आधीच मागून घे, रात्री दहाला मागितली तर रिसेप्शनवर कुणी नसतं (अनुभव).

आता तू ट्रेनने जाणार असशील तर एक गोष्ट मुद्दाम बघ. कँडीहून बदुल्लाकडे जाणाऱ्या लाइनवर पट्टिपोला नावाचं स्टेशन लागतं, त्या देशातलं सगळ्यात उंच स्टेशन, १,९०० मीटरच्या आसपास. त्याच्यापुढे एक बोगदा आहे आणि मग ओहिया. हा बोगदा म्हणजे पाणलोटाची रेषाच आहे. मी ऑगस्टमध्ये गेले होते, नानु ओया स्टेशनपासून धुकं, खिडकीतून पाण्याचे फवारे आत, समोरच्या सीटवरच्या आजींनी साडीचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, सगळे खिडक्या ओढून गप्प बसलेले, आणि गाडी बोगद्यात शिरली, अंधार, शिट्टी, काही मिनिटांत बाहेर आली तर कडक ऊन! अक्षरशः डोळे दिपले. खाली पिवळसर गवताचे डोंगर, आकाशात ढग नाही. आजींनी पदर खाली घेतला, खिडकी वर केली आणि पिशवीतून शेंगा काढून खायला लागल्या, जणू रोजचंच. त्यांचं रोजचंच असणार म्हणा. पहिल्या उत्तरात मी वारा आणि डोंगर असं काय काय लिहिलंय ना, ते सगळं त्या एका बोगद्यात कळतं.

म्हणूनच जून ते सप्टेंबर नुवारा एलिया ओलं असताना एला, बंडारवेला, वेलिमडा ही पलीकडची बाजू बरीच कोरडी असते. चहावाल्यांचं सगळं गणित यावरच चालतं, पलीकडच्या उवा भागातला उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यात तयार होतो आणि अलीकडच्या डिंबुलाचा जानेवारी ते मार्चमध्ये. तुला महिना आठवत नसेल तर दुकानात विचार सध्या कुठला चहा चांगला आलाय, तिकडे ऊन आहे असं समज.

ट्रेनचं मात्र गृहीत धरू नको, दित्वाहमध्ये या लाइनचं फार नुकसान झालं, निघायच्या आधी पूर्ण मार्ग चालू आहे का ते बघूनच हॉटेलं बुक कर. रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं आणि एलाच्या गाड्या पटापट भरतात.

प्रश्न : मिरिस्साला जूनमध्ये निम्म्या भावात हॉटेल मिळतंय. ब्लू व्हेल बघायचाय. घेऊ का? – नवविवाहित

अभिनंदन! हॉटेल घ्या, व्हेल विसरा. स्वस्त आहे ते याच कारणासाठी. मिरिस्साचा व्हेल सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, जूनमध्ये समुद्र इतका खवळलेला असतो की बोटी बहुतेक निघतच नाहीत, आणि एखादा निघतो म्हणाला तर त्याच्याबरोबर तुम्ही जाऊ नका. त्या दिवसांत व्हेल बघायचे तर त्रिंकोमाली, तिकडे मे ते ऑक्टोबरच्या सुमारास दिसतात.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पाऊस आणि समुद्र हे दोन वेगळे हिशोब आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कोलंबोकडे पाऊस खरं तर मेच्या एक तृतीयांशसुद्धा नसतो, दिवस दिवस ऊन असतं, म्हणून लोक खूश होऊन पाण्यात उतरतात. पण वारा तोच असतो ना, नैऋत्येचा! लाटा उंच आणि खालून ओढ जबरदस्त. आकाश निळं आहे म्हणून समुद्र शांत आहे असं नाही. लाल झेंडा लावलेला असेल तर पाय भिजवण्यापुरतंच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं आणि मग आत यायचं.

पोहायचं नसेल, नुसतं दोघांनी व्हरांड्यात बसून पाऊस बघायचा असेल तर मात्र जून झकास आहे. गॉलचा किल्ला पावसात उन्हापेक्षा चांगला दिसतो हे माझं ठाम मत आहे, कोणी काही म्हणो.

प्रश्न : श्रीपाद, म्हणजे ॲडम्स पीक, चढायचाय. आम्ही दोघं बासष्ट-चौसष्टचे, गुडघे बरे आहेत. ऑगस्टमध्ये मुलगा नेतो म्हणतोय. – निवृत्त शिक्षक

सर, मुलाला सांगा ऑगस्टमध्ये नको, फेब्रुवारीत ने. यात्रेचा सीझन डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक पौर्णिमेपर्यंत. तेव्हा सगळ्या वाटेवर दिवे असतात, थोड्या थोड्या अंतरावर चहाची दुकानं, आणि तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या आज्या अनवाणी, हळूहळू, गाणी म्हणत चढत असतात, त्यांच्याकडे बघून आपल्यालाही हुरूप येतो. सीझन संपला की दिवे बंद, दुकानं बंद, आणि वर वारा असा की उभं राहता येत नाही, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही. हा डोंगर २,२४३ मीटरचा आणि अगदी नैऋत्येच्या वाऱ्याच्या तोंडावर आहे, शेजारचं वटवला हे देशातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. ऑगस्टमध्ये तिथे काय होत असेल ते आलं का डोळ्यांपुढे?

नल्लतन्नीच्या बाजूने साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. लोक रात्री दोनला निघतात सूर्योदयासाठी, तुम्ही साडेबारा-एकला निघा, घाई नको. वर पोचेपर्यंत अंग घामाने चिंब आणि वरती गार वारा, इथेच बरेच जण आजारी पडतात. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा बनियन आणि स्वेटर ठेवा, वर गेल्यावर आधी ते बदला, मग फोटो. उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा, काठी घ्याच. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळा, पायऱ्यांवर रांग लागते आणि तासन् तास उभं राहावं लागतं. वर एक घंटा आहे, जितक्यांदा तुम्ही डोंगर चढलात तितके टोल द्यायचे असतात. तुमचा एक. शेजारी एखादे आजोबा वाजवतच राहतात, मोजत राहावं.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये 'याला' नॅशनल पार्क आणि बिबट्या! बरोबर वेळ आहे ना? – वाइल्डलाइफ फोटोग्राफीचा नाद असलेला

नाही रे बाबा, आणि हे मी स्वतः पैसे घालवून शिकलेय. एका टूरवाल्याने आम्हाला सप्टेंबरमध्ये यालाचं बुकिंग करून दिलं, ॲडव्हान्स घेतला, आम्ही तिस्सामहारामाला पोचलो तर पार्क बंद. बऱ्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत यालाचा मुख्य भाग बंद ठेवतात, तेव्हा दुष्काळ टोकाला गेलेला असतो, पाणवठे आटलेले असतात, जनावरांना त्रास नको म्हणून. टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, पुढचा पार्क बघा ना." पैसे अर्थातच आले नाहीत. दोन दिवस तलावाकाठी बसून बगळे मोजले.

तू फेब्रुवारी ते जुलैमध्ये जा, पाणी कमी होत जातं तसे प्राणी पाणवठ्यावर येतात, आणि झाडी विरळ असते. सप्टेंबरच हवा असेल तर मिन्नेरिया किंवा शेजारचं कौडुल्ला. मिन्नेरियाचा तलाव राजा महासेनाने बांधलेला, तिसऱ्या-चौथ्या शतकातला. कोरड्या भागात पाऊस वर्षातले तीन-चार महिनेच, म्हणून त्या राजांनी असे तलाव बांधत सुटायचं ठरवलं, हजारो आहेत. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, तळाच्या ओल्या मातीवर कोवळं गवत उगवतं आणि ते खायला आजूबाजूच्या जंगलातून हत्ती येतात, जुलै-ऑगस्टपासून वाढत जाऊन एका वेळी शे-दीडशे-दोनशेसुद्धा. पण हे पाणी मागे सरकण्यावर आहे हां, अलीकडे वरच्या धरणांतून कोरड्या दिवसांत तलावात पाणी सोडलं जातं आणि मग गवत बुडतं, हत्ती दुसरीकडे जातात. त्यामुळे सकाळी जीपवाल्याला विचारायचं, आज हत्ती मिन्नेरियात, कौडुल्लात की शेजारच्या हुरुलूच्या जंगलात? त्याला बरोबर माहीत असतं. जीप दुपारी तीनच्या सुमारास.

प्रश्न : नागपट्टिनमहून जाफनाला बोट आहे म्हणे, नोव्हेंबरमध्ये जाता येईल?

कांकेसंतुरईला जाते ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि ईशान्येच्या हवेमुळे आठवड्याभरात थांबली, पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. उत्तर मिळालं ना? नोव्हेंबर-डिसेंबरात पाल्कची सामुद्रधुनी खवळलेली असते, चालू असली तरी शेवटच्या क्षणी रद्द होईल असं धरून चला, परतीचं तिकीट तर बोटीचं काढूच नका.

प्रश्न : बरोबर काय काय न्यायचं? डास, जळवा वगैरे ऐकून आई घाबरलीये.

आईला सांगा मलेरिया तिकडे नाही, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त म्हणून जाहीर केलाय. डेंग्यू मात्र आहे, आणि तो पावसाच्या मागोमाग येतो, जून-जुलै आणि नोव्हेंबर ते जानेवारी. २०१७ मध्ये एका वर्षात एक लाख शहाऐंशी हजारांच्या वर केसेस झाल्या होत्या. त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून रात्री मच्छरदाणी लावून दिवसा हाफ पँटमध्ये फिरण्यात अर्थ नाही. मलम सकाळी लावा. ताप आला तर स्वतःच्या मनाने ब्रुफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, डॉक्टरकडे जा.

जळवा सिंहराजा नावाच्या जंगलात असतात, पावसात भरपूर. चावलं तर दुखत नाही, रक्त बघून किंचाळायला होतं इतकंच. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे तिथे दारातच मिळतात.

आणि साधे सुती मोजे, हे कोणी सांगत नाही! अनुराधापुराला, पोलोन्नारुवाला देवळांत, स्तूपांपाशी चपला आणि टोपी काढावी लागते आणि दुपारी तो दगड तव्यासारखा तापलेला असतो. अनुराधापुरात रुवनवेलिसाय स्तूपाच्या अंगणात मी बारा वाजता शिरले, दहा पावलं गेले आणि मग जी पळत सुटले ती सावलीत जाऊनच थांबले, मागून एक चिमुरडी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये शांतपणे चालत आली, पायात पांढरे मोजे. मोजे चालतात. पिशवीत दोन जोड ठेवा. सिगिरियालाही सकाळी दार उघडल्या उघडल्या चढा, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्यांच्या पाट्या लावल्यात तिथे आवाज करू नका, ते गमतीने लिहिलेलं नाही.

छत्री न्या, रेनकोट नको, त्या दमट हवेत रेनकोटच्या आत माणूस बाहेरच्यापेक्षा जास्त भिजतो. डोंगरात मात्र वाऱ्यासाठी जॅकेट. पूर्व किनाऱ्याला जून ते ऑगस्ट जाणार असाल तर टोपी आणि ओआरएस, डोंगर उतरून आलेला तो कोरडा गरम वारा, कच्चान म्हणतात त्याला, दुपारी अंगातलं पाणी शोषून घेतो आणि घाम लगेच सुकत असल्याने कळतही नाही.

प्रश्न : फेब्रुवारीत जातोय, पण फोनवरच्या ॲपमध्ये दहाच्या दहा दिवस ढग आणि विजेचं चिन्ह दिसतंय. कॅन्सल करू? – धास्तावलेला

अहो नको! फेब्रुवारी म्हणजे जवळजवळ सगळ्या देशात कोरडं असण्याचा महिना, ईशान्येचा पाऊस संपत आलेला आणि नैऋत्येचा लांब. कोलंबोत तेव्हा महिनाभरात सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर, म्हणजे मेच्या पाव भागही नाही. ते चिन्ह दिवसभरात कधीतरी, कुठेतरी सर येण्याची शक्यता असली तरी उमटतं, आणि अशा देशात ती रोजच असते. चिन्ह नका बघू, तासातासाचा अंदाज बघा, बहुतेक वेळा संध्याकाळी चार ते सात असंच दिसेल. पण चिन्हाऐवजी नाव असलेलं वादळ दिसलं, किंवा तिथल्या हवामान खात्याने इशारा काढला, तर मात्र मला न विचारता तारीख बदला. एवढ्या चिन्हांनी काही होत नाही, बॅग भरा. मोजे घेतले का?